अर्ध्या किमतीची चाकं

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उलटली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, तरी ती धाकटीच. बाहेर मात्र ती ‘व्यायामवाल्या बाई’ होती. पक्षाघातानं लुळे पडलेले हातपाय, मोडून जुळलेली हाडं, शस्त्रक्रियेनंतर वाकायचंच विसरलेले गुडघे, या सगळ्यांना पुन्हा कामाला लावणं हा तिचा व्यवसाय. तिच्या बहुतेक पेशंटना घराबाहेर पडता येत नसे, म्हणून तीच घरोघरी जाई. त्यासाठी तिनं एक छोटी गाडी घेतली होती आणि ती गाडी ती जिवापाड जपत असे. इमारतीच्या मागच्या अंगणात, फुलझाडांच्या वाफ्याशेजारी, कापडी कव्हर घालून ती उभी असायची.

त्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन खाली आली, तेव्हा गाडी तिला जरा बसकी वाटली. कव्हर एका बाजूनं वर सरकलेलं होतं. ते नीट काढावं म्हणून तिनं कोपरा धरला आणि हाताला ओलं लागलं. पाऊस तर नव्हता. मग वास आला. कुणीतरी कव्हरवर लघवी केली होती.

तिनं हात झटकला आणि दुसऱ्या हातानं कव्हर ओढून बाजूला केलं. गाडीला चाकं नव्हती. चारही नव्हती. वाफ्याच्या कडेचे दगड उपटून गाडी त्यांच्यावर टेकवली होती, आणि एक दगड नेमका दरवाजाखालच्या पत्र्यात घुसून पत्रा चेपला होता. उपटलेल्या फुलझाडांचा पार चिखल झाला होता. बॉनेटवर तेलकट कागद पसरलेला होता, त्यात चघळून टाकलेली हाडं आणि सिगारेटची थोटकं. चोरांनी काम उरकून निवांत जेवण केलं होतं. आणि तेलकट हात पुसले होते ते तिच्याच कव्हरला, आणि तेच पुन्हा वर ओढून ठेवलं होतं.

चाकं गेल्याचं दुःख तिला नंतर झालं. आधी त्या ओल्या हाताची किळस आली. ती नळाकडे गेली आणि साबण नव्हता तरी हात घासत राहिली.

तोवर माणसं जमली. तळमजल्यावरचे पेन्शनर आजोबा गॅलरीतूनच म्हणाले, “आवाज आला होता हो मला. ठकठक, ठकठक.”

“मग उठला नाहीत?”

“म्हटलं, कुणाचं तरी पंक्चर असेल.”

“चारही चाकं एकदम पंक्चर, आजोबा?”

“आता झोपेत मोजत बसू का मी?”

लोक हसले. इमारतीच्या सेक्रेटरींनी कॅमेरा बंद असल्याचं सांगितलं. तो केव्हापासून बंद आहे हे मात्र सांगितलं नाही. दोघातिघांनी फोटो काढले. वरच्या मजल्यावरची एक बाई कडेवरच्या लेकराला गाडी दाखवत म्हणाली, “बघ बघ, गाडी कशी शी करायला बसलीय.” पुन्हा हशा पिकला. गॅरेजवाल्याचा फोन नंबर कुणी दिला नाही की बॉनेटवरची घाण काढायला कुणी फडकं आणलं नाही.

मग भाऊजी उतरले. भाऊजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान. दोघं याच इमारतीत दोन मजले वर राहत. जगात भाऊजींना कळत नाही असा विषय नव्हता, आणि गाडीची राखण हा तर त्यांचा हातखंडा. त्यांनी खाली वाकून चाकांच्या रिकाम्या जागा पाहिल्या, तोंडानं च्च च्च केलं आणि सुरुवात केली.

“मी घसा कोरडा करून सांगत होतो. प्रत्येक चाकाला एक लॉकचा नट बसव. त्याची चावी वेगळी असते, साध्या पान्यानं तो सुटत नाही. गाडी उजेडात लाव. पुढची चाकं वळवून ठेव, म्हणजे पाना नीट बसत नाही. भिंतीला अगदी खेटून लाव, म्हणजे एका बाजूला हातच जात नाही. माझी गाडी बघ.”

सगळ्यांनी भाऊजींच्या गाडीकडे पाहिलं. ती दिव्याच्या खांबाखाली, भिंतीला खेटून, चाकं वाकडी करून दिमाखात उभी होती.

“एक गोष्ट लक्षात ठेव, धाकटे,” भाऊजी आवाज खाली आणत म्हणाले. “चोर आळशी असतो. आपली गाडी चोरापासून वाचवायची नसतेच. शेजारची गाडी त्याला सोपी वाटली म्हणजे झालं.”

शेजारची गाडी म्हणजे तिचीच. भाऊजींच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्या आलं.

पोलीस ठाण्यात तिनं तक्रार दिली. हवालदारानं विचारलं, “चाकांवर ओळखीची काही खूण?”

“पुढच्या डाव्या चाकाची रिम दुभाजकाला घासली होती. तिथे मी चंदेरी नेलपॉलिश लावलंय. भाचीची बाटली होती, त्यात चमकी होती.”

“नेलपॉलिश,” हवालदारानं लिहिता लिहिता शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. “चाकांना नटवता वाटतं तुम्ही?”

त्यानंतर ती बसनं फिरू लागली. खांद्यावर बॅग, हातात घडीचा वॉकर आणि गर्दीत लोकांची बोलणी. दिवसभराची निम्मी घरं व्हायची, निम्मी राहायची. राहिलेल्या घरांतून फोन येत. एका आजोबांचा खांदा पुन्हा आखडला. एक बाळंतीण कंबर धरून वाट बघत बसली. गॅरेजवाल्यानं नव्या चाकांची किंमत सांगितली ती ऐकून तिला घाम फुटला. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, “वेडी आहेस का? नवी कशाला? माझा एक माणूस आहे. अर्ध्या किमतीत देतो. चल.”

ती गेली. खरं सांगायचं तर आनंदानं गेली.

गाड्यांच्या जुन्या भागांची ती एक लांबलचक गल्ली होती. दोन्ही बाजूंना बोळवजा दुकानं, दारात रचलेले टायर, वर लटकणारे आरसे, दिवे, दारं. जमिनीवर ऑइलचे काळे तवंग, त्यावरून चालताना चप्पल चिकटायची आणि सुटताना चर्र आवाज करायची. जळक्या रबराचा वास घशात जाऊन बसत होता. भाऊजींना सगळे ओळखत होते. दोघातिघांनी त्यांना हात केला.

त्यांचा माणूस म्हणजे एक टोपीवाला. स्टुलावर बसून तो काडीनं दात कोरत होता. काडीच्या टोकाला काय निघालं ते तो निरखून पाही आणि मग बोले.

“मेहुणीची गाडी,” भाऊजी म्हणाले. “चार चाकं हवीत, टायरसकट.”

टोपीवाल्यानं गाडीचं नाव विचारलं, साल विचारलं. “आज नाहीत. याच गाडीची होती, गेल्याच आठवड्यात गेली. परवा या. तुमच्यासाठी मागवतो.”

“कुठून मागवता?” धाकटीनं विचारलं.

“झाडाला लागतात, बाई.”

भाऊजी खो खो हसले. ती मात्र शेजारच्या ढिगाकडे बघत होती. सगळ्यात वरच्या टायरच्या खाचांत हिरवं गवत अडकलं होतं. अजून सुकलंही नव्हतं. त्याच्या खालच्या एका रिमवर लहान मुलानं चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर होतं. काल-परवापर्यंत हे चाक कुणाच्या तरी अंगणात होतं, आणि तिथलं एक मूल सकाळी खाली आल्यावर काय म्हणालं असेल, ते तिला उगाच ऐकू येऊ लागलं.

“म्हणजे परवापर्यंत कुणाची तरी गाडी दगडांवर जाणार,” ती म्हणाली.

टोपीवाल्याचा चेहरा हलला नाही. त्यानं काडी उलटी केली आणि दुसऱ्या टोकानं कोरू लागला. “बाई, तुम्हाला चाकं हवीत की प्रवचन?”

ती तडक गल्लीबाहेर आली. भाऊजी मागून आले. त्यांनी गाडीत बसवलं, दार आपटलं.

“चारचौघांत शोभा केलीस माझी.”

“भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं?”

“काय ठाऊक असायचंय? सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझे हे टायर कुठले आहेत असं वाटलं तुला?” ते स्टिअरिंगवर थाप मारत म्हणाले. आवाजात लाज नव्हती. उलट, स्वस्तात साडी मिळालेल्या बाईच्या आवाजात असते तशी ऐट होती.

“आणि लॉकचे नट? ते कुणाच्या भीतीनं बसवलेत? यांच्याच ना?”

“अर्थात!”

“ज्यांच्याकडून घेता त्यांच्याच भीतीनं कुलूप लावता?”

“यालाच व्यवहार म्हणतात,” भाऊजी म्हणाले. “तुझं लग्न झालं असतं तर कळला असता.”

पुढच्या सिग्नलला ती उतरून गेली. मागून हॉर्न वाजत राहिले. तिनं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, चाकं गेल्यापासून पहिल्यांदाच, तिला हेडबाईंकडे जायचं होतं. हेडबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली होती. महिनोन् महिने खपून धाकटीनं त्यांना पलंगावरून उठवलं होतं, उभं केलं होतं, आता काठी धरून त्या खोलीतल्या खोलीत चालत होत्या. बोलणं अडखळत यायचं, पण यायचं. आणि बोलण्यात नेहमी शाळाच असायची. एकदा एका मुलीची नवी पेन्सिल चोरीला गेली, तेव्हा त्यांनी अख्खा वर्ग उन्हात उभा केला होता आणि स्वतःही मुलांसोबत उभ्या राहिल्या होत्या. चोर कबूल होईपर्यंत कुणी हललं नाही. ही गोष्ट धाकटीनं इतक्या वेळा ऐकली होती की ती स्वतःही त्या वर्गात होती असं तिला वाटे. हेडबाईंच्या घरी जाताना तिचा पाय कधी जड होत नसे.

त्या दिवशी मात्र ती बसनं आली होती, म्हणून पहिल्यांदाच फाटकातून चालत आत शिरली. पोर्चमध्ये हेडबाईंच्या मुलाची गाडी होती. तिच्याच गाडीसारखी, त्याच रंगाची. ती गाडीला वळसा घालून पुढे जाणार तोच तिचं लक्ष पुढच्या डाव्या चाकाकडे गेलं. रिमच्या कडेवर बोटभर लांबीचा पट्टा चमचमत होता.

ती खाली बसली. नखानं तो पट्टा खरवडला. चंदेरी टवका निघाला, चमकीसकट.

“काय पडलं का हो बाई?” हेडबाईंचा मुलगा दारातून हसत बाहेर आला. सज्जन माणूस. आईचं पथ्यपाणी सांभाळणारा, धाकटी निघाली की फाटकापर्यंत पोचवायला येणारा.

“ही चाकं नवी घेतलीत का?”

“अहो, काय सांगू! माझी आधीची चोरीला गेली. गाडी विटांवर! तुमचं इतक्यात येणं झालं नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही. मग एकानं पत्ता दिला. एक टोपीवाला आहे, अर्ध्या किमतीत काम झालं. फिट बसली ना एकदम?”

“फिट बसणारच. माझी आहेत.”

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याचा चेहरा पडला आणि लगेच सावरलासुद्धा. ते सावरणंच धाकटीच्या डोळ्यांत खुपलं. एखादा माणूस चिखलात पाय पडला की दुसऱ्याच्या पायपुसण्यावर पुसून मोकळा होतो, तसं.

“अरेरे,” तो म्हणाला. “पण मला कसं कळणार? मी काही चोरी केलेली नाही. रोख मोजून घेतलीत. असं करू, मी जेवढे दिले तेवढे तुम्ही मला द्या आणि चाकं घेऊन जा. एक पैसा वर नको. घरचाच मामला आहे.”

“माझी चाकं मी तुमच्याकडून विकत घेऊ?”

“मग माझं नुकसान कोण भरणार, बाई? माझी गेली ती गेलीच ना?”

ज्यांनी तिच्या कव्हरवर लघवी केली ती माणसं तिनं पाहिली नव्हती. त्यांची तिला घाण वाटली होती, पण ती घाण लांबची होती. हा माणूस समोर स्वच्छ शर्टात उभा होता, दाढी केलेली, अंगाला साबणाचा वास. तो वास तिला सोसवेना.

ती आत गेली. हेडबाई खुर्चीत बसल्या होत्या. खिडकी पोर्चवरच उघडत होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

धाकटीनं त्यांचा पाय मांडीवर घेतला, टाच वर, बोटं पुढे. तिला वाटत होतं, आता बोलतील. मुलाला आत बोलावतील. त्या जिभेला शब्द जुळवायला वेळ लागतो, तेवढाच काय तो वेळ.

“त्याचं... काय... चुकलं?” हेडबाई म्हणाल्या. “सगळेच... घेतात.”

धाकटीचे हात थांबले.

“आणि पेन्सिल, बाई?”

“ती... मुलं होती,” हेडबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

तिनं व्यायाम पूर्ण केला. एकही हालचाल गाळली नाही. पण त्यांना उठवताना आपण श्वास रोखून धरलाय, हे तिच्या लक्षात आलं. उघड्या जखमा, कुजलेली कातडी, न बदललेली अंथरुणं, सगळं तिनं आजवर केलं होतं. पेशंटजवळ श्वास रोखण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

तिथून ती थेट पोलीस ठाण्यात गेली. हवालदार तोच होता. नेलपॉलिश म्हटल्यावर तो पुन्हा हसायला लागला, पण तक्रारीत तसं लिहिलेलंच होतं आणि लिहिणाराही तोच, म्हणून त्याला उठावं लागलं. चाकं जप्त झाली. हेडबाईंच्या मुलाची गाडी पुन्हा विटांवर बसली. टोपीवाल्याचं नाव निघालं, त्याच्या दुकानात झडती झाली, आणि कोण कोण नेहमी येतं या चौकशीत भाऊजींनाही बोलावणं आलं. त्यांना फक्त प्रश्न विचारून सोडलं. पण ठाण्यातल्या बाकावर बसावं लागलं, आणि ते इमारतीतल्या कुणीतरी पाहिलं.

संध्याकाळी ताई खाली आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

“चाकांसाठी घरच्या माणसाची अब्रू घालवलीस.”

“ताई, टायर कुठून आलेत हे तुला माहीत होतं?”

“मला टायरमधलं काय कळतंय?” ताई म्हणाली. पण नजर तिनं जमिनीकडे वळवली, आणि धाकटीला उत्तर मिळालं.

“तुझ्याकडे रागानं नाही बघत मी,” धाकटी म्हणाली. “मला शिसारी आलीय. राग असता तर भांडून का होईना, जेवायला आले असते वर.”

ताई गेली. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आल्या की दोघी भिंतीकडे सरकत.

जप्त झालेली चाकं तिला लगेच मिळाली नाहीत. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात पडून राहणार होती. ती एकदा बघायला गेली. चिठ्ठी बांधून चाकं एका कोपऱ्यात टाकली होती, आणि येणारा-जाणारा त्यांच्यावर थुंकत होता. तिनं परत येऊन दुकानातून नवी चाकं घेतली, पक्क्या पावतीची. गॅरेजवाल्यानं लॉकचे नट बसवले. त्याची चावी तिच्या हातात ठेवत तो म्हणाला, “आता बिनधास्त झोपा.” ती मान हलवून निघाली, पण गाडी लावताना प्रत्येक वेळी शेजारच्या गाडीकडे तिची नजर जाई. त्या चाकांना नट साधेच होते. तिनं त्या गाडीच्या मालकाला जाऊन लॉकचे नट बसवायला सांगितलं. त्यानं तिला वेड्यात काढलं.

टोपीवाल्याचं शटर काही दिवस खाली होतं. मग वर गेलं.

हेडबाईंकडे तिनं जाणं बंद केलं होतं. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावल्याचं कानावर आलं. मग एक दिवस मुलाचा फोन आला. “बाई, आई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पाय पुन्हा आखडायला लागलाय. झालं गेलं विसरून जा. या ना.”

“मी तुमच्या घरात पाऊल टाकणार नाही,” ती म्हणाली. “नाक्यावरच्या दवाखान्याच्या मागे माझी व्यायामाची एक खोली आहे. तिथे आणा.”

“कशी आणू? गाडी तर...”

“बसनं आणा. मी महिनाभर बसनंच फिरत होते.”

आणणार नाहीत असं तिला वाटलं होतं. पण आणलं. दवाखान्याच्या दारातून हेडबाई काठी टेकत आल्या, एकेक पाऊल ओढत, केस विस्कटलेले, घामानं डबडबलेल्या. मुलगा मागून पिशवी घेऊन येत होता. धाकटीनं त्याला बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि दार लोटून घेतलं.

हेडबाईंना टेबलावर निजवून तिनं पाय हातात घेतला. पोटरी लाकडासारखी झाली होती. एवढी मेहनत मातीत गेली होती.

“रागावलीस?” हेडबाईंनी छताकडे बघत विचारलं.

“नाही.”

“मग?”

तिनं टाच तळहातात धरून पाऊल हळूहळू वर दाबलं. हेडबाईंच्या ओठांची उजवी कड थरथरत होती. ती दुखण्यानं थरथरत होती की आणखी कशानं, हे सांगणं कठीण होतं, आणि धाकटीनं ते शोधायचा प्रयत्नही केला नाही.

“गुडघा वाकवा,” ती म्हणाली. “माझ्यावर जोर देऊ नका. तुमच्या तुम्ही.”